उजेडाची वाटणी

वाईच्या मधल्या आळीत एक चौसोपी वाडा आहे. मालकांचं आडनाव सांगत नाही. अशी पाच-सहा घराणी वाईत सहज निघतील आणि प्रत्येकाला वाटेल, ही आमचीच गोष्ट. वाडा पेशवाईच्या उतरत्या काळातला. खाली घडीव दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती, सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. रस्त्याच्या अंगाला फक्त दिंडीदरवाजा आणि माडीवर चार लहान खिडक्या. खाली खिडकी नाहीच. पेंढाऱ्यांच्या भीतीच्या दिवसांत ज्यांनी घर बांधलं, त्यांना रस्त्याकडे बघायची हौस नव्हती. घर रस्त्याकडे पाठ करून मधल्या चौकाकडे तोंड करून बसलेलं. ऊन, वारा, पाऊस, सगळं वरून यायचं आणि चारही सोप्यांना सारखं मिळायचं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. वाड्याचा लाकडी सांगाडा डुलला आणि परत जागेवर आला, पण पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. ती कोणी दुरुस्त करायची यावरून त्या घरातल्या दोन भावांची जुंपली. भिंतीचं निमित्त होतं. आत आधीपासूनच काय काय साठलेलं असणार. पुढच्या उन्हाळ्यात वाटण्या झाल्या. उत्तरेचा भाग थोरल्या पातीला, दक्षिणेचा धाकट्या पातीला. आड सामाईक, दिंडीदरवाजा सामाईक. चौकही सामाईक ठेवा, असं पंचांनी सुचवलं, ते मात्र दोघांनाही पटलं नाही. चौकाच्या मधोमध दोरी धरली गेली आणि दोरीवर नऊ इंची विटांची बारा फूट उंच भिंत उभी राहिली. तुळशीवृंदावन नेमकं दोरीखाली आलं, तेव्हा ते काढून दोघांनी आपापली दोन नवी बांधली.

अर्धा चौक हा फार अडचणीचा प्रकार असतो. ऊन भिंतीवर अडतं, पाऊस मात्र अडत नाही. पावसाळ्यात एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या वाट्याच्या फरशीवर उडायला लागल्या. पागोळ्यांवरून भांडणं तर गावोगाव होतात, पण इथं ती वकिलाच्या नोटिशीपर्यंत गेली. मग एका उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना पन्हाळी पत्रे आले. चौक झाकला, पागोळ्या संपल्या, भांडण मात्र टिकलं. आधी पत्रा कोणी घातला याच्या दोन गोष्टी त्या घराण्यात सांगतात. थोरल्या पातीची मुलं ऐकत वाढली की धाकट्यानं आमचा उजेड बंद केला. धाकट्या पातीच्या मुलांनी तेच थोरल्याबद्दल ऐकलं.

धाकटी पाती पुढं सांगलीला गेली, गावभागात स्थिरावली आणि वाड्याच्या दक्षिण भागाला कुलूप लागलं. थोरल्या पातीत राहणारे राहिले. १९८५ च्या सुमारास त्यांनी भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, सोप्याच्या खांबांमध्ये प्लायवूड मारून खोल्या पाडल्या, कडीपाट काळा दिसतो म्हणून खालून पांढरे पुठ्ठे ठोकले. प्रत्येक गोष्ट घर चांगलं दिसावं म्हणून केलेली. पण भर दुपारी माजघरात ट्यूबलाइट लावल्याशिवाय डाळीतला खडा दिसत नव्हता.

थोरल्या पातीचा नातू बँकेत होता. त्याची बदली साताऱ्याला झाली आणि पुण्यातलं भाड्याचं घर सोडून तो बायको, आई आणि दोन मुलांसह वाड्यात राहायला आला. बायको, म्हणजे या वाड्याची सून, माहेरची सांगलीची, हरिपूरच्या वाटेवरची. तिकडे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी पद्धत. आल्या आल्या तिनं माजघर बघितलं आणि म्हणाली, "आमच्याकडं हळद असल्या अंधारात ठेवतात, माणसं नाहीत."

सल्ले भरपूर मिळाले. एका बिल्डरनं वाडा पाडून चार मजले उठवायचा नकाशा घरी आणून दाखवला. नात्यातल्या एका इतिहासप्रेमी काकांनी उलट टोक धरलं: ऐतिहासिक वास्तू आहे, खिळासुद्धा ठोकू नका. काका स्वतः पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहत होते, हे जाता जाता सांगितलेलं बरं. आणि इतिहास म्हणावा तर जुन्या वास्तू आपल्याकडे वापर बदलतच जगल्या आहेत. साताऱ्याचा राजवाडा छत्रपतींसाठी बांधला होता, पुढं तिथं सरकारी शाळा भरू लागली आणि ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव त्या शाळेच्या पटावर चढलं. वाडा तसाच्या तसा जपायचा म्हणून कुलूप लावून ठेवला असता तर तो दिवस दुसऱ्या कुठल्या तरी छपराखाली उजाडला असता.

मग पुण्याहून एक आर्किटेक्ट आली. हुशार, मोजूनमापून बोलणारी. तिनं उपाय काढला तो कोणीही काढला असता: रस्त्याकडच्या भिंतीत जमिनीपासून वर जाणाऱ्या चार मोठ्या काचेच्या खिडक्या. कागदावर घर झळझळीत दिसत होतं. काम करायला पसरणीकडचे एक वयस्कर मिस्त्री बोलावले. त्यांनी भिंतीला हात लावला, सिमेंटच्या फुगलेल्या गिलाव्यावर नख मारलं, पोपडा हातात आला. आतली माती ओली होती.

"वैनी, ही भिंत चाळीस वरसं रेनकोट घालून हुबी हाय," मिस्त्री म्हणाले. "आतला घाम जायचा कुटं?"

मातीची भिंत जोत्यातून थोडं पाणी वर ओढतच असते. वरून चुना असेल तर ती ओल हवेत निघून जाते. सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही. ओल आत कोंडते, क्षार वर येतात, गिलावा सुटतो. अशा भिंतीत चार भगदाडं पाडली तर उरलेली भिंत भार घेईल याची खात्री मिस्त्री देईनात. "खिडकी पाडून देतो, न्हाय म्हनत न्हाय. उजेड यील. पर त्येच्या पाठोपाठ पश्चिमेचा पाऊस बी यील. आदी एक डाव मेनवलीला जाऊन या."

मेणवली वाईपासून हाकेच्या अंतरावर. १७६८ साली हे गाव इनाम मिळाल्यावर नाना फडणवीसांनी कृष्णेच्या काठी वाडा आणि घाट बांधला. लोक तिथं जातात ते घाट बघायला, वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती पोर्तुगीज घंटा बघायला, नाहीतर 'स्वदेस'चं शूटिंग कुठं झालं ते विचारायला. मिस्त्रींनी सुनेला घंटा दाखवली नाही. वाड्याच्या बाहेर उभं करून खिडक्या मोजायला लावल्या आणि मग आत नेलं. सहा चौकांचा वाडा. एका चौकातून पुढच्यात जाताना मधे अंधार लागतो आणि लगेच संपतो. ऊन चौकातल्या फरशीवर पडतं, फरशीवरून उसळून सोप्याच्या कडीपाटाला लागतं, तिथून सावकाश आतल्या खणांत उतरतं. डोळ्यांवर येणारा झोत कुठंच नाही, तरी दुपारी दिवा लागत नाही.

परत येताना ती गप्प होती. शेवटी म्हणाली, "मिस्त्री, आमच्या घराला खिडक्या कमी नाहीत. एकच होती, ती आम्ही झाकली."

"बगा आता," मिस्त्री म्हणाले, आणि बिडी पेटवली.

उत्तरेकडच्या बाजूचे पत्रे काढायला काही हरकत नव्हती, ते यांच्याच मालकीचे. मिस्त्रींनी कामगारांना वर चढवलं. अर्ध्या तासात कामगारच खाली उतरले आणि मिस्त्रींनी मालकांना शिडीवर बोलावलं. पत्रे ज्या वाशांवर बसवले होते ते वासे उत्तरेच्या वळचणीपासून निघून मधल्या भिंतीच्या डोक्यावरून थेट दक्षिणेच्या वळचणीपर्यंत गेले होते. एकसंध. कुठंही सांधा नाही. भिंतीच्या वरच्या थरात प्रत्येक वाशाला खोबणी पाडलेली होती. दोन्हीकडच्या पत्र्यांवर एकाच कारखान्याचा पुसट छाप होता आणि हूकही एकाच मापाचे होते.

"हे वासं एका बाजूनं चढत न्हाईत," मिस्त्री म्हणाले. "दोनी अंगानं मानसं लागत्यात. आन् एक धरून उबा ऱ्हातो, दुसरा वढतो. बोलल्याबगर व्हत न्हाय हे काम."

बँकेतला माणूस, हिशेब त्याला लगेच कळला. जे दोन भाऊ एकमेकांच्या घरच्या मुंजी-लग्नांना गेले नाहीत, ज्यांनी आडावर पाणी भरायच्या वेळाही वेगळ्या ठेवल्या, त्यांनी एका उन्हाळ्यात मिळून लाकूड आणलं होतं, पत्र्यांचा एकच माल मागवला होता, एकच सुतार लावला होता. वाटण्या झाल्यानंतर त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच कामावर. आणि ते झाल्यावर दोघांनी आपापल्या मुलांना सांगितलं की त्यानं केलं.

आता अडचण वेगळीच झाली. वासे सामाईक, त्यामुळं एका बाजूचे पत्रे काढून दुसऱ्या बाजूचे तसेच ठेवणं धोक्याचं. नवऱ्यानं वकिलाला गाठलं. त्याला वाटत होतं, पूर्वजांपासूनचा उजेड आहे, कायद्यानं मागता येईल. वकिलानं चष्मा वर केला. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात उजेड आणि हवेचा हक्क आहे खरा, पण तो सलग वीस वर्षं उपभोग घेतलेल्याला. "तुम्ही तर पन्नासहून जास्त वर्षं अंधाराचा उपभोग घेतलाय," वकील म्हणाला. "त्यावर हक्क सांगायचा असेल तर दावा करू." फी मात्र त्यानं घेतली नाही. वर सल्ला दिला की खरेदीखत करून दक्षिण भाग विकतच घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला.

सांगलीला कोणी जायचं? नवरा तयार होईना. चुलतकाकांना, म्हणजे नानांना, तो जन्मात दोनदा भेटला होता आणि दोन्ही वेळा स्मशानात. शेवटी सूनच निघाली. तिचं ते माहेरचं गाव, गावभागातले बोळ पायाखालचे. नवऱ्यानं पर्समध्ये चेकबुक ठेवलं.

नाना ऐंशीच्या घरात होते. वाटण्या झाल्या तेव्हा पंचविशीचे. दोरीचं एक टोक त्यांनीच धरलं होतं. घराच्या भिंतीवर ऑगस्ट २०१९ च्या पुराची खूण अजून दिसत होती. त्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली होती. पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी मानतात, यावरून काय ते समजावं. नाना आणि काकू नावेतून बाहेर पडले होते. सुनेनं तिच्या वडिलांची ओळख सांगितली तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, त्यांच्याच माडीवर आम्ही चार दिवस काढले की." नात्यानं जे होईना ते शेजारानं आधीच केलेलं होतं. चहा आला.

तिनं वाशांची गोष्ट सांगितली. मोबाइलमधले फोटो दाखवले. नानांनी फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला.

"नाना, तुम्हाला हे आठवत असेल," ती म्हणाली.

"आठवतं ना. मधला वासा मीच धरला होता. पलीकडून तुझे सासरे." नाना थोडा वेळ थांबले. "ते म्हणाले, 'हळू, बोट सापडेल.' त्यानंतर आम्ही बोललो नाही."

"मग आम्हाला सगळ्यांना हे उलटं कसं सांगितलं?"

"भांडण चालू ठेवायचं तर कोणाची तरी चूक लागते, सूनबाई. दोघांची आहे म्हटलं की भांडण लगेच मोडतं. आमच्या वडिलांना ते परवडणारं नव्हतं. तुझ्या आजेसासऱ्यांनाही."

तिनं पर्स उघडली आणि किंमत विचारली. नानांचा चेहरा बदलला.

"उजेड मागायला आलीस की घर विकत घ्यायला?"

"उजेड."

"मग ते चेकबुक आत ठेव. दक्षिण भाग मी विकणार नाही. माझी मुलं तिथं राहणार नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी विकणार नाही. पण वासे काढ. भिंतही काढ."

"भिंत? हद्द..."

नाना उठले, कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणली. आत वाटपपत्र होतं, पुरात भिजून वाळलेलं. शाई पसरून पानापानांवर निळे ढग झाले होते. "चौकाची हद्द या कागदात आहे. मला वाचता येत नाही. तुला येते का बघ." रजिस्ट्रार ऑफिसातून त्याची नक्कल काढता येते हे दोघांनाही माहीत होतं. कोणी बोललं नाही.

नानांनी एकच अट घातली. आर्किटेक्टनं दुरुस्त केलेल्या नकाशात मोकळ्या चौकावर काचेचं छप्पर दाखवलं होतं, पाऊस आत नको म्हणून. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "पत्रा नको, काच नको, काहीही नको. पाऊस पडू दे. पाऊस नको म्हणूनच तर हे सगळं झालं." आणि हे स्टँपपेपरवर लिहून हवं, दोन्ही पातींच्या सह्यांनी, पुढच्यांवरही बंधनकारक राहील असं. शब्दावर ठेवायला ते तयार नव्हते. मला वाटतं, त्यांचं बरोबर होतं. प्रेमाच्या भरात केलेले तोंडी करार पहिल्या पावसात गळायला लागतात.

कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाला नाना वाईला आले आणि त्याच दिवसांत वासे उतरवले गेले. भिंत पाडायला त्यांनी पहिला घाव घालावा असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी नकार दिला. पाठीला उसण भरेल म्हणाले आणि खुर्ची टाकून बसले. विटा टाकून दिल्या नाहीत, त्यातून मागच्या परसात न्हाणीघर उठलं. खांबांमधलं प्लायवूड निघालं, पुठ्ठे निघाले, कडीपाटाचा काजळीचा थर घासून काढला तेव्हा खाली मधाळ सागवान दिसलं. सिमेंटचा गिलावा खरवडायचं काम सर्वांत कंटाळवाणं. खरवडल्यावर भिंती कित्येक आठवडे नुसत्या वाळू दिल्या. कळीचा चुना खड्ड्यात विझवून मुरत ठेवला. त्यात वाळू, विटांची सुरखी, हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. मालकाला घाई होती. मिस्त्रींना नव्हती, कारण चुन्यालाही नसते. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेत पुन्हा दगडासारखा होत जातो, त्याला रेटता येत नाही. स्वयंपाकघर चौकापासून लांब पडत होतं, तिथं छपरात आठ काचेची कौलं बसवली. मुलांसाठी माडी झाली, आर्किटेक्टनं जिन्याची जागा अशी बदलली की चौकातलं ऊन वरपर्यंत चढेल. ते काम तिनं खरोखर छान केलं. रस्त्याकडच्या भिंतीत एकही नवी खिडकी पडली नाही.

पहिल्या मोठ्या पावसात चौक तुंबला आणि पाणी सोप्याच्या पहिल्या पायरीला लागलं. आईंनी देवघर उचलायची तयारी केली. मिस्त्रींनी गुडघाभर पाण्यात उतरून पहार चालवली. चौकातलं पाणी बाहेर नेणारी जुनी दगडी मोरी सापडली. ती नेमकी त्या नऊ इंची भिंतीच्या पायाखाली बुजली होती. पाया उकरल्यावर पाणी गडगडत निघून गेलं.

पागोळ्या मात्र परत आल्याच. आता चारही बाजूंनी पन्हळ लावून ते पाणी आडात सोडायचं ठरलंय. आड सामाईक असल्यामुळं तिथवर सगळ्यांचं मत एक आहे. खर्चावर नाही. नानांचा सांगलीचा मुलगा म्हणतो, दक्षिण भागात कोणी राहत नाही, आम्ही अर्धा का द्यायचा? सून म्हणते, पाणी राहणाऱ्याला विचारून पडत नाही. नाना दोघांचं ऐकून घेतात. परवा ते महिनाभर राहायला म्हणून आले, दक्षिणेच्या सोप्याचं कुलूप तेल घालून उघडलं आणि पन्हळवाल्याला स्वतः फोन लावला. त्यानं दिलेला दर जास्त आहे, असं त्यांचं आणि सुनेचं दोघांचंही म्हणणं पडलं.